मिठी तलाईपर्यंत आम्ही दोघं

मूळ आमचं कुठलं म्हणाल तर सातारकडचं, पण ते ऐकीव हं ताई, बघितलेलं कुणीच नाही. पणजोबांचे वडील की कोण ते इथल्या सरकारच्या फौजेत घोड्यावर होते, म्हणून बडोद्याला आले आणि मग बडोद्याचेच झाले. माझ्या माहेरी तेव्हाची एक तलवार होती, मूठ गेलेली, दसऱ्याला तिची पूजा व्हायची आणि बाकी वर्षभर माझी आई तिनं माळ्यावरची जळमटं काढायची. म्हणजे घराणं शिलेदाराचं, पण वडील प्रेसमध्ये अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि मी लग्नाआधीपासून शिवणाच्या मशीनवर. ब्लाउज, फॉल-पिको, आणि नवरात्र आली की चणियाचोळ्या, तेव्हा जेवायला सवड नसायची. घरात मराठी आणि ओट्यावर पाय ठेवला की गुजराती, असंच आमचं, तुम्हाला माहीतच आहे.

हे नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात ऑपरेटर होते. नाक्यावरून बस जायची. ह्यांचे कपडे मी वेगळे धुवायची, कितीही साबण लावा तो वास जायचा नाही, आणि खरं सांगू का, नंतर नंतर तो वास आला की मला बरं वाटायचं, की आले बाई घरी. स्वभाव कसा म्हणाल, तर कडक. वाईट नाही, हात कधी उगारला नाही, पण सगळं ह्यांना माहीत. कुठं जायचं, कुठल्या रस्त्यानं जायचं, कुठं वळायचं, ते पुढं आणि मी चार पावलं मागं. बाजारात गेलो तरी मला ह्यांची पाठच दिसायची, दुकानं दिसायची नाहीत. मी कधी म्हटलं की इकडून जवळ पडेल, तर म्हणायचे, तू चाल गं.

आणि मग ह्यांचे डोळे गेले. एकदम नाही गेले, कडेकडेनं गेले. चहा बशीच्या बाहेर ओतायचे आणि मला म्हणायचे, तू कप का सरकवलास. मी म्हणायचे, अहो मी हातसुद्धा लावला नाही. दाराला धडकायचे आणि निखिलवर, म्हणजे आमच्या मुलावर, ओरडायचे की दार अर्धं कुणी लोटलं. शेवटी दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, उशीर झालाय, गेलं ते परत येणार नाही. वर्षा-दीड वर्षात उरलेलंही गेलं. उजेड कुठं आहे आणि अंधार कुठं आहे एवढं कळायचं, बस्स.

काय सांगू तुम्हाला, मग हा माणूस हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसला तो बसलाच. सकाळी हिंचका, दुपारी हिंचका, कड्यांचा तो आवाज, करकर करकर, मला मशीनवर बसून ऐकू यायचा. दाढी करायची नाही, ओट्यावर यायचं नाही, कारखान्यातले दोस्त भेटायला आले की झोपल्याचं सोंग. काठी आणून दिली तर भिंतीवर फेकली, म्हणे लोक बघतात. मी म्हटलं लोकांना कामं नाहीत का. पण नाही.

त्यांच्या कारखान्यात एक जण नर्मदेची परिक्रमा करून आला होता, तेव्हापासून ह्यांच्या मनात ते होतं. रिटायर झालो की सबंध परिक्रमा करणार, पायी, असं म्हणायचे. आता तुम्हाला ठाऊक असेल, ह्या परिक्रमेत नदी ओलांडायची नसते, ती कायम उजव्या हाताला ठेवून चालायचं, फक्त एका ठिकाणी, जिथं ती समुद्राला मिळते तिथं, विमलेश्वरला नावेत बसायचं आणि समुद्रातून वळसा घालून पलीकडे मिठी तलाईला उतरायचं. तर एके दिवशी हिंचक्यावरून म्हणाले, सबंध नाही जमायची. समुद्राकडचा तुकडा करू. अंकलेश्वरपासून विमलेश्वर, मग नाव, मग पलीकडून भरूच.

निखिल म्हणाला, पप्पा, मी गाडीनं नेतो. तर म्हणाले, गाडीत घालून न्यायला मी काय सामान आहे?

मला आधी आनंदच झाला, की माणूस काहीतरी मागतोय. पण मग एक-एक गोष्ट दिसायला लागली. हातातलं घड्याळ काढून निखिलला दिलं, म्हणे मला काय उपयोग. बरं, ते पटलं. मग पान्यांचा डबा होता, जिवापाड जपलेला, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, तो शेजारच्या भाईंना देऊन टाकला. मग एकदा जेवताना विचारलं, तिथं पाणी खोल असतं ना गं, समुद्रात? सहज विचारल्यासारखं. माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. मी कुणाला काही बोलले नाही. निखिलला सांगितलं असतं तर त्यानं जाऊच दिलं नसतं, आणि नाही गेलो तर हा माणूस त्या हिंचक्यावर बघताबघता संपणार, ते मला स्पष्ट कळत होतं. मी म्हटलं, जाऊ. पण मी एक क्षण ह्यांना सोडायची नाही.

थंडीचे दिवस होते. ट्रेननं अंकलेश्वरला गेलो आणि तिथून पायी. एक पंचा घेतला होता, त्याचं एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. हात धरायला तयार नव्हते ना. पहिला दिवस नुसत्या भांडणाचा गेला. मी म्हणायचे डावीकडे खड्डा आहे, ते म्हणायचे केवढा, मी म्हणायचे खड्ड्याएवढा. ते म्हणायचे हे काय सांगणं झालं? आणि मी पुढं, ते मागं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढं कुणाची पाठ नव्हती, सबंध रस्ता मोकळा, आणि मला तर कुठं बघावं तेच कळेना.

थोडं गेल्यावर विचारलं, काय दिसतंय? मी म्हटलं, काही नाही, ऊस. तर थांबलेच. पंचा ओढला. ऊस म्हणजे काही नाही? उंच किती आहे? तुरा आलाय का? तोड चालली आहे का? वारं आहे तर हलतोय कसा? मी म्हटलं अहो मी शिवणारी बाई, मला शेतातलं काय कळतं. म्हणाले, तुला कळतं तसं सांग.

मग मी आपली मला कळतं तसं सांगायला लागले. म्हटलं, ऊस असा हलतोय की चणियाला भरपूर घेर दिला आणि बाई गोल फिरली की खालची कड कशी उशिरा फिरते, तसा. पुढं कपाशी लागली, म्हटलं बोंडं फुटलीत, उसवलेल्या गादीसारखी. कालव्याचं पाणी दिसलं, म्हटलं अस्तराच्या कापडासारखं आहे, चकाकतं पण आरपार दिसत नाही. तेव्हा हुं म्हणाले. नुसतं हुं. पण ताई, कितीतरी महिन्यांनी त्या हुंमध्ये राग नव्हता.

गावागावांतून बायका हाक मारायच्या, नर्मदे हर, बा, चा पीता जाव. उभ्या उभ्या चहा, कुठं रोटला, कुठं खिचडी-कढी. हांसोटच्या धर्मशाळेत पादरा गावच्या कांताबेन भेटल्या, भाजी विकणाऱ्या, एकट्याच निघालेल्या, त्या पुढं आमच्याबरोबरच राहिल्या. फार बोलायच्या. ह्यांना म्हणायच्या, भाई, तमे तो नसीबवाळा, रेडिओ साथे लईने फरो छो. रेडिओ बरोबर घेऊन फिरताय. म्हणजे मी रेडिओ. ह्यांना इतकं हसू आलं त्याचं. मी चकित झाले, मला वाटलं होतं चिडतील.

तर असं करत, बाभळीच्या रानातून, मिठागरांच्या कडेनं, विमलेश्वरला पोचलो. तिथं थांबावं लागतं. नाव भरतीवर सुटते, आणि वारा फार असला तर सुटतच नाही. परिक्रमावासी जमलेले, कुणी भजन करतंय, कुणी पायाचे फोड बघतंय. आणि तिथं हे पुन्हा गप्प झाले. नाव सुटणार कळलं त्या सकाळी मला म्हणाले, दाढी करून दे. मी करून दिली. आंघोळ केली, स्वच्छ सदरा मागितला. ह्यांच्या सदऱ्याची बटणं मी दोनदा चुकीच्या काजांत घातली, आणि मी रोज शेकडो बटणं लावणारी बाई.

नाव मच्छीमारांची, मोठी, इंजिनवाली. फळ्यांवर दाटीवाटीनं बसलो. मी ह्यांना मध्ये घेतलं, एका बाजूला मी, एका बाजूला कांताबेन, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून माझ्या पदराचं टोक ह्यांच्या कमरेला बांधलेल्या पंच्यात घातलं आणि गाठ मारली. घट्ट, दुहेरी. मनात म्हटलं, जायचं तर मलापण घेऊन जावं लागेल.

नाव सुटली. नर्मदे हरचा एकच गजर झाला. सुरुवातीला बरं होतं, नदीसारखंच वाटत होतं, पण मग दोन्ही काठ गेले. ताई, मी समुद्र कधी बघितलाच नव्हता. नाव वर जायची आणि खाली आपटायची, वर जायची आणि खाली, आणि माझ्या पोटातलं सगळं वर आलं. मी डोळे गच्च मिटले. एका हातानं फळी धरलेली आणि दुसऱ्या हातानं ती गाठ.

हे विचारायला लागले, आला का गं? मी म्हटलं, काय? म्हणाले, संगम. पाण्याचा रंग बदलतो म्हणे. मी डोळे मिटूनच म्हटलं, हो हो, बदलतोय. कसा? मी म्हटलं, निळा. म्हणाले, निळा कसा असेल, इथं समुद्रसुद्धा मातकट असतो असं सगळे सांगतात. मी म्हटलं, तसाच, मातकट निळा. मग त्यांचा हात माझ्या चेहऱ्यावर आला. कपाळ, मग डोळे. बोटं माझ्या मिटलेल्या पापण्यांवर थांबली. आणि हसायला लागले. अगं, तू डोळे मिटून मला समुद्र सांगतेस? दोघंही आंधळे बसलोय की काय नावेत?

मी म्हटलं, अहो हसू नका, मला मरायला झालंय. तर मला सावरायला हात कमरेकडे नेला आणि तो हात गाठीवर गेला. चाचपून बघितली. हसणं थांबलं.

ही कशाला?

मी म्हटलं, वारा आहे. पदर उडतो.

इंजिनाचा आवाज, लोकांचा आवाज, पाणी आपटतंय. मग माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, सुमन. बघा, लग्नापासून अगं नाही तर ऐक गं, नाव कधी घेतलं नव्हतं. म्हणाले, घरून निघालो तेव्हा माझ्या मनात होतं.

मी म्हटलं, मला ठाऊक आहे.

म्हणाले, आता नाही.

मी विचारलं, कधी गेलं मनातून? तर म्हणाले, काय माहीत. तू तो ऊस सांगितलास, मग कपाशी सांगितलीस, मग रोज सकाळी उठल्यावर वाटायला लागलं की आज ही काय सांगेल. सोड ती गाठ, मी कुठं जात नाही.

मी म्हटलं, नाही सोडणार. म्हणाले, राहू दे मग.

आणि मग काय केलं माहिती आहे? मला म्हणाले, तू डोळे उघडू नकोस, मी सांगतो. आणि त्यांनी मला समुद्र सांगितला. आता डावीकडून वारं येतंय, त्यात मिठाचा ओला वास आहे. आता पक्षी गेला वरून, मोठा असणार, पंखांचा आवाज आला. आता लाट येतेय, श्वास घे, हां, आता खाली जातेय, सोड. आता आपलं तोंड उन्हाकडे झालं, गाल तापला बघ. आणि खरंच हो, माझं पोट शांत झालं. लाट येण्याआधी कुणी सांगितलं की तेवढी भीती वाटत नाही. कुणीतरी ओरडलं, संगम, संगम, सगळ्यांनी बरोबर आणलेलं नदीचं थोडं पाणी समुद्रात सोडलं आणि समुद्राचं भरून घेतलं. आमची बाटली ह्यांनीच वाकून भरली. वाकले तेव्हा मी गाठीवर हात ठेवला नाही.

पण मिठी तलाईला पोचेपर्यंत ओहोटी लागली आणि नाव काठापासून बरीच अलीकडे रुतली. खलाशी, जीवणभाई म्हणून होते, म्हणाले आता इथंच उतरा, चिखलातून जावं लागेल. ह्यांना म्हणाले, काका, मारी पीठ पर बेसी जाव. हे म्हणाले, छे, मी चालणार. शिलेदाराचं रक्त ना! उतरले, दोन पावलं टाकली आणि गुडघ्यापर्यंत आत. पाय काढायला जोर लावला तर दुसरा गेला, चप्पल गेली, आणि ती गाठ, ती तर मी विसरलेच होते, ह्यांच्याबरोबर मीपण सपशेल आडवी. तोंडात चिखल, नाकात चिखल. नावेतली सगळी माणसं आधी घाबरली आणि मग हसायला लागली, आणि कांताबेन ओरडल्या, अरे छोडो तो खरा, आ तो फरी परण्या! म्हणजे ह्यांनी परत लग्नगाठ बांधली म्हणून.

मला वाटलं आता हे भडकणार. चेहऱ्याकडे बघितलं, तर चिखलावरून पाणी ओघळत होतं. रडत होते की हसत होते, आजही सांगता यायचं नाही मला. मग दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाले, जीवणभाई, लई लो मने. उचला मला. ज्या माणसानं काठी भिंतीवर फेकली, तो माणूस बरं का, असे हात पुढं करून उभा होता. जीवणभाईंनी पाठीवर घेतलं आणि हे वरून नर्मदे हर, नर्मदे हर. मला कुणी उचललं म्हणता? कुणी नाही. कांताबेननी दंड धरून ओढली, साडीचं नुसतं पोतेरं झालेलं.

मिठी तलाई म्हणजे समुद्राच्या काठाला, खाऱ्या जमिनीत, गोड पाण्याची जागा. आम्ही दोघं तिथं बसून पाणी प्यालो, पीतच राहिलो. तिथून पुढं भरूचपर्यंत धुराड्यांच्या बाजूनं रस्ता. एका ठिकाणी वारं फिरलं तर हे थांबले, नाक वर केलं, म्हणाले, नंदेसरी आली की काय! आणि मग कारखान्याच्या गोष्टी सांगायला लागले, रात्रपाळीत कोण काय करायचा, एकदा व्हॉल्व गळत होता तेव्हा किती घाबरले होते. ताई, एवढी वर्षं मी ते कपडे धुतले आणि मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंत? म्हणाले, तू विचारलंस कधी? मी म्हटलं, तुम्ही कधी थांबलात? आणि दोघंही चालत राहिलो.

घरी आल्यावर स्वतःहून काठी मागितली. संध्याकाळी वासणा रोडच्या बागेत जायला लागले, दोस्त जमवले, तिथं पत्त्यांच्या डावाला बसायचे, पत्ते दिसत नसताना, दुसऱ्याला सल्ले देत. माझ्या मशीनपाशी बसून ब्लाउजच्या हुका वेगळ्या करायचे, बटणं आकारानं निवडून द्यायचे. बायका मापं द्यायला आल्या की त्यांच्याशी गप्पा. भांडायचे नाहीत असं नाही, भांडायचे, पण बसून भांडायचे. चांगली काही वर्षं मिळाली आम्हाला तशी. मग एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्रास नाही, काही नाही.

मागच्या हिवाळ्यात निखिल आणि हेतल, म्हणजे आमची सून, मला गाडीनं मिठी तलाईला घेऊन गेले. मी काठावर उभी राहून डोळे उघडे ठेवून समुद्र बघितला. भुरका, सपाट, लांबवर चिखल. हेतल म्हणाली, मम्मी, बस आटलूंज? एवढंच? मी म्हटलं, हो गं, दिसतो एवढाच. तिला काय सांगणार. ह्यांनी सांगितला तो फार मोठा होता.

आता गुडघे गेलेत माझे. निखिल म्हणतो मशीन बंद कर, मी म्हणते हात चालतात ना, मग झालं. माझी काही तक्रार नाही. सबंध परिक्रमा नाही झाली, तुकडाच झाला, पण तो पुरला मला. तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा, जोडीनं जा, कानटोपी घ्या, नावेत पोट रिकामं ठेवू नका, सुका नाश्ता करून बसा. आणि मिठी तलाईला आमच्या दोघांच्या नावानं एक-एक ओंजळ पाणी प्या. सुखी राहा, नर्मदामाई तुमचं सगळं बरं करील. आता ते रेकॉर्डिंग बंद करा बघू, चहा टाकते.